पीसीला जोडलेला क्वेस्ट ३: चित्र कुठे बिघडते आणि कसे सुधारते

मेटा क्वेस्ट ३ हा व्हीआर (आभासी जग डोळ्यांसमोर उभे करणारा) हेडसेट पीसीला जोडून वापरायचा असेल, तर तो घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आलेला हा हेडसेट आजही त्याच्या किमतीत भिंगांच्या बाबतीत सरस ठरतो. पण खोक्यातून काढला, केबल लावली आणि मूळ सेटिंगवर गेम सुरू केला, की हमखास तक्रार येते: दूरचे धूसर दिसते, अंधारात चौकोन उमटतात, झाडांची पाने एकमेकांत कालवल्यासारखी दिसतात. यातला बराचसा दोष हेडसेटचा नसतो. पीसीपासून डोळ्यापर्यंतच्या वाटेत चित्र चार-पाच ठिकाणी घासले जाते, आणि त्यातली प्रत्येक जागा दुरुस्त करता येते.

प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ × २२०८ पिक्सेलचा एलसीडी पडदा आहे आणि त्यावर पॅनकेक भिंगे. जुन्या हेडसेटमधली फ्रेनेल भिंगे मधोमध तेवढी स्वच्छ दिसायची आणि उजळ वस्तूंभोवती प्रकाशाचे पट्टे सोडायची. इथे नजर कडेला नेली तरी अक्षरे वाचता येतात. कॉकपिटमधली घड्याळे मान न वळवता नुसते डोळे फिरवून पाहता येणे, हे विमान किंवा गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवाल्यांसाठी फार मोलाचे आहे. आमच्या लेखी हा हेडसेट घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

आता उणी बाजू. या हेडसेटला डिस्प्लेपोर्ट नाही. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या हेडसेटला ग्राफिक्स कार्ड या जोडणीतून थेट चित्र पाठवते. क्वेस्टच्या बाबतीत पीसी आधी चित्र तयार करतो, मग त्याचा व्हिडिओ आवळतो (कॉम्प्रेस करतो), तो यूएसबी किंवा वायफायवरून पाठवतो आणि हेडसेटमधली चिप तो उलगडते. म्हणून केबल लावली तरी डोळ्यांना दिसतो तो आवळलेला व्हिडिओच. हे एकदा ध्यानात आले की कुठली सेटिंग कशासाठी आहे ते आपोआप उलगडते.

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी हेडसेट डोक्यावर नीट बसवा. खालच्या चाकाने दोन बाहुल्यांमधले अंतर जुळवा. चष्म्याच्या दुकानात मागितले तर हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून देतात, आणि चाक फिरवताना तोच आकडा समोर दिसतो. चेहऱ्याकडच्या गादीची खोली चार टप्प्यांत बदलते. चष्मा नसेल तर सर्वांत जवळचा टप्पा ठेवा, म्हणजे दृश्य जास्तीत जास्त रुंद दिसते. चष्मा असेल तर एक-दोन टप्पे मागे घ्या, नाहीतर काचेने भिंगाला कायमचा ओरखडा पडतो. सोबत येणारा कापडी पट्टा वजन गालांवर टाकतो. मग हेडसेट हळूहळू खाली घसरतो आणि चित्र मऊ होत जाते. मागून चाकाने आवळता येणारा कडक पट्टा घेतला, तर या एका बदलाने मिळणारी स्वच्छता कुठल्याही सेटिंगपेक्षा आधी जाणवते.

यानंतर रेंडर रेझोल्यूशन, म्हणजे पीसीने किती पिक्सेलचे चित्र रंगवायचे ते. पडदा २०६४ × २२०८ चा असला तरी पीसीने तेवढेच पिक्सेल रंगवून भागत नाही. भिंग चित्र वाकवते, ते सरळ दिसावे म्हणून पीसी ते आधीच उलट वाकवतो, आणि या खटाटोपात मधल्या भागाचे पिक्सेल ताणले जातात. मधोमध पडद्याइतकी धार हवी तर उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना साधारण १.४ पट जास्त रंगवावे लागते. पिक्सेलच्या हिशेबात हे जवळजवळ दुप्पट काम झाले. मेटाच्या पीसी ॲपमध्ये, जिथे रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रे दाखवायची ते) निवडता तिथेच, रेझोल्यूशनची पट्टी असते. ती बहुतेकांच्या पीसीवर आपोआप ठरलेली असते आणि मध्यम कार्डावर बेताची ठेवलेली असते.

इथे एक सापळा आहे. मेटाच्या ॲपमध्ये पट्टी वाढवली, मग स्टीमव्हीआरमध्ये (स्टीमवरचे व्हीआर गेम चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या सॉफ्टवेअरमध्ये) १५० टक्के केले आणि गेमच्या आतही सुपरसॅम्पलिंग (गरजेपेक्षा जास्त पिक्सेल रंगवणे) लावले, तर तिन्हींचा गुणाकार होतो. कार्ड गुदमरते, फ्रेम (एकेक चित्र) गळतात आणि दोष हेडसेटवर जातो. आमची शिफारस: मेटाच्या ॲपमध्ये एकदाच नीट आकडा ठरवा, स्टीमव्हीआरमध्ये रेझोल्यूशन ‘ऑटो’वरून काढून ‘कस्टम’मध्ये १०० टक्क्यांवर बांधा आणि गेममधले स्केल १.० ठेवा. एखादा हलका गेम अजून झेपतो असे वाटले, तर स्टीमव्हीआरमध्ये त्या गेमपुरती टक्केवारी वाढवा. ही टक्केवारी एकूण पिक्सेलची असते, बाजूची नव्हे. १५० टक्के म्हणजे प्रत्येक बाजू फक्त १.२२ पट.

किती झेपते हे डोळ्यांनी ठरवू नका, मिलिसेकंदांनी ठरवा. ७२ हर्ट्झला एका फ्रेमसाठी १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१ आणि १२० ला ८.३. स्टीमव्हीआरमधला फ्रेम टायमिंगचा आलेख उघडा आणि गेममधल्या सर्वांत जड जागी उभे राहा. कार्डाचा वेळ या मर्यादेच्या आत एक-दीड मिलिसेकंद राखून असला पाहिजे, कारण व्हिडिओ आवळण्यालाही कार्डाची थोडी ताकद लागते. मर्यादा ओलांडली की स्पेसवार्प नावाची सोय फ्रेम निम्म्यावर आणते आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरते. तेव्हा स्टिअरिंगच्या कडा, पंख्याची पाती, कुंपणाचे गज पाण्यात हलल्यासारखे दिसतात. मध्यम कार्ड असेल तर ९० हर्ट्झचा हट्ट सोडून ७२ वर जास्त रेझोल्यूशन घ्यावे. सिम्युलेटरमध्ये ते निर्विवाद चांगले दिसते. वेगाने हात हलवायच्या गेममध्ये मात्र ९० च ठेवा.

केबलने जोडणार असाल तर मेटाच्या ॲपमधली यूएसबी चाचणी आधी करा. दोन जीबीपीएसच्या आसपास आकडा आला तर ठीक. तो शेकड्यातच अडकला असेल तर केबल किंवा पोर्ट यूएसबी २ च्या वेगाने चालते आहे: बहुधा फोनची चार्जिंग केबल लागलेली असते किंवा मधे हब असतो. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाचे पोर्ट टाळा, मागे मदरबोर्डवरचे वापरा. तीन मीटरच्या पुढची साधी तांब्याची यूएसबी ३ केबल भरवशाची राहत नाही. पाच मीटर हवीच असेल तर ऑप्टिकल किंवा आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली घ्या. साध्या यूएसबी-ए पोर्टमधून ४.५ वॉटच्या आसपास वीज मिळते, त्यामुळे केबल लावूनही बॅटरी उतरत जाते. वेगळा चार्जर जोडता येणारी दुतोंडी केबल मिळते, ती घ्यावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधले यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केले नाही तर चित्र मधेच काळे होण्याचा त्रास संभवतो.

केबलवाल्यांसाठी पुढची पायरी ओक्युलस डीबग टूल, म्हणजे मेटाच्या ॲपसोबत येणारे बारीक सेटिंगचे टूल. प्रोग्रॅम फाइल्समधल्या ओक्युलस फोल्डरात सपोर्ट, त्यात डायग्नॉस्टिक्सचे फोल्डर, तिथे हे टूल असते. त्यात व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत) एच.२६४ करा, डायनॅमिक बिटरेट बंद करा आणि एन्कोड बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते) ३५० एमबीपीएसपासून सुरू करा. चित्र अडखळत नसेल तर ५०० पर्यंत न्या. त्याच्या वर चित्रात फरक शोधावा लागतो, आणि हेडसेटच्या चिपला व्हिडिओ उलगडायला जास्त वेळ लागून हाताची हालचाल मागे पडू लागते. आवाज कडकडू लागला तर आकडा जास्त झाला असे समजा. कडा ठळक करणाऱ्या लिंक शार्पनिंगला ‘क्वालिटी’ असा पर्याय आहे. रेंडर रेझोल्यूशन कमी असेल तर तो उपयोगी पडतो, भरपूर असेल तर कडा चमचमतात, तेव्हा बंद केलेला बरा. एन्कोड रुंदी शून्यच राहू द्या. सगळे झाल्यावर त्याच टूलच्या मेन्यूतून सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

केबलऐवजी वायफायवर जोडायचे तर आमची पसंती व्हर्च्युअल डेस्कटॉपला. पीसीचे चित्र हेडसेटवर पाठवणारे हे पैसे मोजून घ्यायचे ॲप आहे, पण पैसे वसूल होतात. मेटाचे एअर लिंक फुकट आहे, पण त्याचा बिटरेट २०० एमबीपीएसवर थांबतो आणि गडबड झाली तर ती कुठे झाली हे लवकर कळत नाही. व्हॉल्व्हचे स्टीम लिंकही फुकट आहे, आणि फक्त स्टीमचे गेम खेळणाऱ्याने सुरुवात त्यानेच करावी. व्हर्च्युअल डेस्कटॉपचा खरा फायदा त्याच्या ओव्हरलेत (चित्रावर उमटणाऱ्या माहितीच्या पाटीत) आहे. गेम, एन्कोडिंग (आवळणे), नेटवर्क आणि डीकोडिंग (उलगडणे) या प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद लागले ते समोर वेगवेगळे दिसते. त्याचे स्वतःचे ओपनएक्सआर रनटाइम (ओपनएक्सआर या सामायिक मानकावरचे गेम हेडसेटला जोडणारा भाग) निवडले तर ओपनएक्सआरवर चालणारे गेम स्टीमव्हीआरला वळसा घालून सुरू होतात आणि कार्डावरचा भार हलका होतो.

व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये कोडेक गेम पाहून निवडावे. अंधाऱ्या गुहा, रात्रीचे आकाश, धुके असेल तर १० बिट एचईव्हीसी किंवा १० बिट एव्ही१, २०० एमबीपीएसवर. ८ बिटमध्ये अशा दृश्यांत रंगांच्या पायऱ्या पडतात, १० बिटमध्ये त्या मिटतात. एव्ही१ साठी कार्ड आरटीएक्स ४० मालिकेचे, रेडिऑन आरएक्स ७००० मालिकेचे किंवा त्यानंतरचे लागते. इंटेल आर्कवरही ते चालते. दाट झाडी वेगाने मागे सरकणार असेल तर एच.२६४ प्लस, ४०० च्या आसपास. पान न् पान हलत असते तेव्हा आवळायला पुनरावृत्तीच सापडत नाही, मग जास्त बिट हाच इलाज. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उडून सत्तरी तालुक्याच्या जंगलावरून कमी उंचीवर विमान नेले की हा फरक लगेच कळतो.

राउटर हेडसेट असेल त्याच खोलीत हवा, आणि पीसी त्याला लॅन केबलने जोडलेला हवा. दोन्ही वायफायवर असतील तर एकाच हवेतून तोच डेटा दोनदा जातो. आपल्याकडच्या, गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असतात, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा एका भिंतीपलीकडेच लुळा पडतो. ब्रॉडबँडवाल्याने व्हरांड्यात बसवलेल्या राउटरवर विसंबू नका. खोलीत वेगळा वायफाय ६ राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. ८० मेगाहर्ट्झ रुंदी, चॅनल ३६ किंवा १४९, आणि हेडसेटमध्ये लिंकचा वेग १२०० एमबीपीएस दिसला म्हणजे जोडणी चोख. १६० मेगाहर्ट्झला २४०० दिसतात, पण ३६ पासून सुरू होणारी तेवढी रुंदी रडारसाठी राखीव चॅनलांत शिरते. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाप्रमाणे चॅनल सोडावे लागते आणि गेम मधेच थांबतो.

गेमच्या आत एमएसएए (कडांच्या पायऱ्या गुळगुळीत करणारी सोय) मिळत असेल तर चारपट एमएसएए लावा, दूरच्या तारा आणि खांब स्वच्छ राहतात. त्याच कामाच्या टीएए या दुसऱ्या पद्धतीत सगळे किंचित मऊ होते. डीएलएसएस (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठे करणारी एनव्हिडियाची सोय) लावायचेच तर ‘क्वालिटी’च्या खाली जाऊ नका, कॉकपिटमधल्या हलत्या आकड्यांमागे सावली ओढली जाते. सावल्या आणि प्रतिबिंबे एक पायरी खाली आणून वाचलेली ताकद रेझोल्यूशनला द्यावी, व्हीआरमध्ये हा सौदा नेहमी फायद्याचा पडतो.

काही गोष्टी सेटिंगने सुधारणार नाहीत. एलसीडी असल्यामुळे काळा रंग राखाडीच दिसतो. नजरेच्या एका अंशात साधारण २५ पिक्सेल बसतात, तर चांगल्या नजरेला सुमारे ६० ओळखता येतात. त्यामुळे मॉनिटरइतकी बारीक अक्षरे मिळणार नाहीत.

गोव्यात राहणाऱ्याने अजून दोन खर्च धरावेत. पहिला विजेचा. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते, पीसी यूपीएसवर तगतो पण राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. राउटरही यूपीएसवरच ठेवा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. आरटीएक्स ४०७० एकटे २०० वॉट घेते, प्रोसेसर आणि मॉनिटर धरले की वीज जाताक्षणी यूपीएस बसतो. किमान १ केव्हीए घ्यावा. दुसरा खर्च दमटपणाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेडसेट उघड्यावर ठेवला तर भिंगांवर बुरशी धरू शकते आणि गादीला वास लागतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पण घाम वाळल्याशिवाय डबा बंद करू नका. खेळताना भिंगांवर वाफ धरत असेल तर हेडसेट पाच-दहा मिनिटे आधी सुरू करून कोमट होऊ द्या आणि टेबल फॅन चेहऱ्याकडे वळवा. भिंग कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, स्पिरिट किंवा चष्म्याचा स्प्रे नको. खिडकीतले ऊन भिंगावर पडू देऊ नका, काही क्षणांत पडदा जळून कायमचा डाग पडतो.

स्वस्तातला क्वेस्ट ३एस त्याच चिपचा आहे, पण पडदा १८३२ × १९२० चा आणि भिंगे फ्रेनेल. फिटनेससाठी किंवा मुलांच्या खेळासाठी तो पुरे. पीसीवर चित्रासाठीच घेणार असाल तर वरचे पैसे घाला. दुबई-मस्कतहून येणाऱ्या कुणाकडून मागवलात तर इथे वॉरंटी चालणार नाही असे धरून चाला. हाती येताच पांढरा पडदा लावून मेलेले पिक्सेल तपासा, दोन्ही कंट्रोलरच्या काड्या फिरवून पाहा आणि यूएसबी चाचणी करा, आणणारा परत जायच्या आत.