जीडीबीची हिस्टरी: आठ महिने वापरल्यावर

गेल्या मंगळवारी दुपारी जीडीबी (प्रोग्राममधल्या चुका शोधायचा डीबगर) मेलं आणि सकाळपासून टाइप केलेल्या सगळ्या कमांड घेऊन गेलं. अकरा जीबीची कोअर फाइल (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची प्रत) उघडलेली, शेजारी बिल्ड चालू; मशीनची मेमरी संपली आणि कर्नलने जीडीबीचाच बळी घेतला. परत उघडून वरचा बाण दाबला, तर समोर सोमवारच्या कमांड. मंगळवारची एकही नाही. 'सेट हिस्टरी सेव्ह ऑन' मी आठ महिन्यांपूर्वीच डॉट जीडीबीइनिटमध्ये (जीडीबी सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) लिहून ठेवलंय, तरीसुद्धा!

कारण साधं आहे. जीडीबी हिस्टरी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची यादी, फाइलमध्ये लिहितं ते बाहेर पडताना. क्विट म्हणा, कंट्रोल-डी दाबा, लिहिली जाते. किल मायनस नाइन (प्रोसेस तिथल्या तिथे मारणारी कमांड) बसला की तोवरचं सगळं गेलं. बॅश या शेलमध्ये 'हिस्टरी मायनस ए' प्रॉम्प्टला बांधून दर कमांडनंतर लिहून घेता येतं. जीडीबीत मधेच 'आता लिहून ठेव' म्हणायला कमांडच नाही. स्ट्रक्टमधून स्ट्रक्टमध्ये जाणारी, दोनदा कास्ट केलेली, सात बाणांची (->) प्रिंट एक्स्प्रेशन जुळवायला मला वीस मिनिटं लागली होती. ती पुन्हा जुळवताना आलेला राग अजून उतरलेला नाही.

जीडीबीने मुळात सेव्ह बंद का ठेवलंय हेच मला पटत नाही. 1986 पासूनचं टूल आहे, एलएलडीबी हा दुसरा डीबगर तर न सांगता हिस्टरी जपतं. चालू केलं तरी फक्त 256 कमांड राहतात, आणि फाइल पडते ती जिथून जीडीबी सुरू केलं त्या फोल्डरमध्ये. पहिल्या महिन्यात माझ्याकडे अशा नऊ फाइली झाल्या होत्या. मग 'सेट हिस्टरी फाइलनेम'ने होममध्ये एकच फाइल ठेवली आणि साइझ दहा हजार केली.

आता एक मत बदलल्याचं सांगते. सुरुवातीला मी 'रिमूव्ह-डुप्लिकेट्स अनलिमिटेड' (हिस्टरीतून तीच कमांड आधीची असेल तर ती काढणारी सेटिंग) लावून फार खूश होते. तेच तेच 'नेक्स्ट', 'बॅकट्रेस' गेले, यादी स्वच्छ झाली. दोन-तीन सहकाऱ्यांनाही आग्रहाने लावून दिलं. त्यांनी ते आता काढून टाकावं.

का, ते कंट्रोल-ओ कळल्यावर समजलं. कंट्रोल-आर दाबून कालच्या मालिकेतली पहिली कमांड शोधायची आणि एंटरऐवजी कंट्रोल-ओ. ती कमांड चालते आणि हिस्टरीत तिच्या पुढची होती ती आपोआप प्रॉम्प्टवर येऊन बसते. पुन्हा कंट्रोल-ओ, पुन्हा पुढची. ब्रेकपॉइंट, कंडिशन, रन, फ्रेम 3 (फंक्शन कॉलच्या साखळीतला 3 क्रमांकाचा कॉल निवडणारी कमांड), प्रिंट... कालचा अख्खा तपास बोट न उचलता पुन्हा उभा राहतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी शेजारच्याला ओढून आणून दाखवलं. पण डुप्लिकेट काढले की कमांड जुन्या जागेवरून उचलली जाते आणि मालिकेत भोकं पडतात. कालच्या 'फ्रेम 3'नंतरचा प्रिंट सापडतो, 'फ्रेम 3' मात्र आज सकाळच्या कमांडमध्ये जाऊन बसलेला. मग प्रिंट भलत्याच फ्रेमवर चालतो आणि आपण चुकीचा आकडा खरा मानतो. माझा त्यात अर्धा दिवस गेलाय. हिस्टरीत कमांडइतकाच तिचा क्रमही महत्त्वाचा, तो मोडू नका.

नुसतं एंटर दाबलं की जीडीबी मागचीच कमांड पुन्हा चालवतं; याच कारणाने तसं 'नेक्स्ट' पुढे रेटायची सवयही सोडली. रिकामं एंटर हिस्टरीत जात नाही. 'नेक्स्ट 6' असं लिहिलं तर उद्या सहाच पावलं पडतील.

# ने सुरू होणारी ओळ मात्र जाते, ती चालवली न जाता. त्यामुळे तपास सुरू करताना '# टाइमर दोनदा फ्री होतोय' अशी ओळ टाकते. पंधरा दिवसांनी कंट्रोल-आरमध्ये 'टाइमर' लिहिलं की ती सापडते, आणि तिच्या खाली त्या दिवसाच्या सगळ्या कमांड ओळीने.

टीयूआय (जीडीबीची टर्मिनलमध्ये सोर्स दाखवणारी खिडक्यांची पद्धत) वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे वर-खाली बाण सोर्स खिडकी हलवतात. 'फोकस सीएमडी' करा, नाहीतर कंट्रोल-पी वापरा. हिस्टरी गेली म्हणून घाबरू नका.

मंगळवारनंतर डॉट जीडीबीइनिटमध्ये आणखी दोन ओळी आल्या: 'सेट ट्रेस-कमांड्स ऑन' आणि 'सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन' (12 च्या आधीच्या आवृत्तीत नुसतं 'सेट लॉगिंग ऑन'). आता प्रत्येक कमांड पुढे अधिकचं चिन्ह लागून आउटपुटसकट जीडीबी डॉट टीएक्सटीमध्ये उतरते. बुधवारी मुद्दाम दुसऱ्या टर्मिनलमधून किल मायनस नाइन मारून पाहिला. फाइल उघडली, ग्रेप या शोधायच्या कमांडने अधिकच्या ओळी वेगळ्या केल्या. सात बाणांची ती प्रिंट एक्स्प्रेशन तिथे होती.