स्विमिंग पूलच्या ऑटोमेशनच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

पेडणे तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरामागे ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा लहानसा स्विमिंग पूल आहे. त्यात साधारण ४५,००० लिटर पाणी मावते. नातवंडे सुट्टीत आली की पाण्याचा पीएच, म्हणजे शाळेत शिकलेला सामू, आणि क्लोरीन रोज तपासत बसण्याचा मला कंटाळा येऊ लागला होता, म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी मी ३,४०,००० रुपये मोजून ‘पूर्ण स्वयंचलित’ म्हणून सांगितलेली यंत्रणा बसवून घेतली. यांपैकी ८० टक्के रक्कम आगाऊ दिली, ही माझी पहिली चूक.

विक्रेता परराज्यातला होता, बोलायला अत्यंत नम्र होता आणि त्याने सांगितलेले बरेचसे शास्त्र खरे होते. मिठापासून क्लोरीन तयार करणाऱ्या सेलसाठी दर लिटरला सुमारे ४ ग्रॅम मीठ लागते, अशा पूलमध्ये पीएच वर चढत राहतो आणि तो खाली आणण्यासाठी अ‍ॅसिड द्यावे लागते, हे त्याने नीट समजावले. पंपाचा वेग निम्मा केला तर वीज जवळजवळ एक अष्टमांशच लागते, हे गणितही त्याने कागदावर मांडून दाखवले. गणित बरोबर होते. त्याने बसवलेला पंप मात्र एकाच वेगाचा निघाला. वेग बदलणारा म्हणून जे बटण दाखवले होते, त्याने फक्त दिव्याचा रंग बदलत असे.

खरा घात पीएचच्या बाबतीत झाला. सेन्सर पीएच मोजेल आणि गरजेपुरतेच अ‍ॅसिड पाण्यात सोडले जाईल, असे त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवले होते. पॅनेलवर ७.४ हा आकडा दिसे आणि तो अधूनमधून ७.३ किंवा ७.५ होई. आकडा हलत होता म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसला, हे आज कबूल करावे लागते. स्थिर आकड्याचा मला कधीतरी संशय आला असता.

चवथीला मुले पाण्यात उतरली आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे डोळे लाल झाले. शिडीच्या स्टीलवर गंजाचे ठिपके आले होते आणि टाइल्समधील सांधे बोटाने खरवडले तरी भुसभुशीत होऊन हाती येत होते. जुने टेस्ट किट काढून पाहिले, तर नळीतले पाणी पिवळेजर्द झाले. किटमधल्या फिनॉल रेड या रंग बदलणाऱ्या द्रवाचा पिवळा रंग म्हणजे पीएच ६.८ किंवा त्याहूनही खाली, आणि त्याच क्षणी पॅनेल ७.४ दाखवत होते.

स्वयंपाकघरात कोकमाचे आगळ होते. सेन्सर पाइपमधून काढून मी त्या वाटीत बुडवला. आगळासारख्या आंबट द्रवात आकडा चारच्या खाली उतरायला हवा होता. पाच मिनिटांनीही पॅनेलवर ७.४ होते. शेवटी गावातल्या वायरमनला बोलावून पेटी उघडली. आत एक साधा टायमर, एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आणि आकडे दाखवणारे छोटे कार्ड एवढेच सामान होते. सेन्सरची राखाडी केबल पेटीत शिरत होती, तिथे तिची गुंडाळी करून पट्टीने बांधली होती आणि तिचे टोक कशालाच जोडलेले नव्हते. “बाब, ही वायर नुसती शोभेची आहे,” तो म्हणाला. याचा अर्थ असा की, पावसाच्या पाण्याने आधीच क्षारता, म्हणजे अ‍ॅसिड झेलून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, उतरलेल्या पूलमध्ये तो टायमर अख्खा पावसाळा ठरलेल्या वेळी अ‍ॅसिड ओतत राहिला होता.

अशी यंत्रणा घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पीएच ४ आणि पीएच ७ ची बफर द्रावणे, म्हणजे ज्यांचा पीएच आधीच ठरलेला असतो अशी द्रावणे, आणून सेन्सर आपल्यासमोर दोन्हींत बुडवायला लावावा. “आमच्या सेन्सरला आयुष्यभर कॅलिब्रेशन लागत नाही” असे मला अभिमानाने सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात काचेच्या सेन्सरचे कॅलिब्रेशन, म्हणजे अशा द्रावणांत बुडवून त्याचा आकडा जुळवून घेणे, नियमितपणे करावे लागते, सेन्सर कोरडा पडला तर निकामी होतो आणि साधारण एक-दोन वर्षांत बदलावाही लागतो. पंप बंद करून अ‍ॅसिडचा डोस थांबतो का, हेही पाहावे. पाणी वाहत नसताना डोस चालू राहिला, तर पाइपमध्ये तीव्र अ‍ॅसिड साचून पुढे थेट पोहणाऱ्यांच्या अंगावर येऊ शकते.

मी जाब विचारला तेव्हा विक्रेत्याने बिलाकडे बोट दाखवले. त्यावर ‘पूल कंट्रोल पॅनेल, १ नग’ एवढेच लिहिले होते. कंपनी नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. त्यामुळे मी उत्तर गोव्यातच तक्रार दाखल केली. तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश, आगळाच्या वाटीचा व्हिडिओ आणि मोकळ्या टोकाच्या केबलची छायाचित्रे दिली आहेत. सांधे पुन्हा भरणाऱ्या गवंड्याचे बिलही जोडले आहे. ते बिल मात्र त्याने कामाच्या तपशिलासह व्यवस्थित लिहून दिले.