जुन्या व्ही-क्रॉसचा लिफ्ट (गाडी उंच करणं): गुटके म्हणजे ठोकळे काढून ४० मिमीचा पूर्ण किट बसवावा का?

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही हौद्याची पिकअप गाडी भारतात २०१६ साली आली. त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता मुंबईत सेकंडहँड मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच आधीच उचललेल्या असतात. 'दोन इंच लिफ्ट आहे' असं विकणारा सांगतो. खाली वाकून पाहिलं की पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर एक जाड चकती आणि मागे पाट्यांखाली (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली) गुटका, एवढंच निघतं. अशा गाडीवर स्प्रिंग, शॉकअप आणि पाटे असलेला ४० मिमीचा पूर्ण किट चढवावा का, तर हो, नक्की चढवावा. मात्र डब्यात येतं तेवढ्यावर काम भागत नाही.

आधी गुटक्यांविषयी. पुढचा स्ट्रट चाकापासून आत, खालच्या आर्मवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर) उभा असतो. त्यामुळे वर २५ मिमीची चकती घातली की चाकापाशी जवळपास दुप्पट उंची मिळते. स्वस्तात काम झालं असं वाटतं खरं, पण स्ट्रट तोच, दहा वर्षांचा थकलेला. फक्त तो खाली ढकलला जातो. मोठ्या खड्ड्यात बंपस्टॉप (चाकाला फार वर येण्यापासून अडवणारा रबरी ठोकळा) लागण्याआधीच स्ट्रट आतून टेकतो. उलट चाक हवेत लोंबलं की ड्राइव्ह शाफ्टच्या (पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन ठरल्यापेक्षा जास्त होतो. जॉइंटवरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हलवताना कटकट ऐकू आली तर जॉइंट गेलाच समजा.

मागचा गुटका घाटाच्या चढावर त्रास देतो. अॅक्सल आणि पाटे यांच्यातलं अंतर वाढल्यामुळे लो रेंजमध्ये (४x४ च्या हळू, जोरदार गिअरमध्ये) जोर दिला की अॅक्सल पिळवटतो, पाटा इंग्रजी 'एस'सारखा वाकतो आणि चाक पकड घेण्याऐवजी थडथड उड्या मारतं. गुटक्यावर गुटका दिसला तर ती गाडी चालवूच नका.

पूर्ण किटमध्ये शॉकअपची लांबी आणि स्प्रिंगची उंची एकमेकींना जुळवून दिलेली असते, फरक पडतो तो इथेच. पण स्प्रिंग निवडताना बहुतेकांची चूक होते. ओल्ड मॅन ईमू किंवा आयर्नमॅन ४x४ या ऑस्ट्रेलियन ब्रँडच्या यादीत पुढची स्प्रिंग 'स्टील बंपर आहे की नाही' यावर आणि मागचे पाटे 'कायमचं वजन किती' यावर ठरतात. मूळ बंपरच्या गाडीला स्टील बंपर आणि विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) यांच्या वजनासाठीची स्प्रिंग घातली तर नाक वर येतं आणि गाडी दगडासारखी कडक होते. कायम ३०० किलो वजनासाठीचे पाटे रिकाम्या हौद्याखाली बसवले तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या उड्डाणपुलांचे सांधे पाठीच्या मणक्यांत मोजता येतील. म्हणून ऑर्डरआधी टाकी भरून, नेहमीचं सामान चढवून गाडी वजनकाट्यावर न्या. भिवंडी, तळोजे या भागांत ट्रकसाठीचे काटे आहेत. पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला.

आता बसवणं. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, नंतर भांडण होत नाही. कॉइल स्प्रिंग दाबायला व्यवस्थित कॉम्प्रेसर हवा, जुगाड नको, कारण सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. पाटे अॅक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, ते एकदा ताणले गेलेले असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आर्म आणि पाट्यांच्या बुशचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावायचे. शेवटचा टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरलेला जोर) गाडी चाकांवर उतरवून, दोनचार वेळा हलवून, मग द्यायचा. हवेतच आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांतच फाटतं. गाडी ठरलेल्या उंचीवर नीट बसतही नाही. लिफ्ट केल्यावर चुंचुं आवाज येतो या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. फिटरसमोर उभं राहून एवढं एक पाहिलंत तरी पुरे. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, विशेषतः यू-बोल्ट, टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे.

डब्यात सहसा न येणाऱ्या गोष्टी: लिफ्टमुळे कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो, स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, एक्स्प्रेसवेवर गाडी भटकते. ४० मिमीपर्यंत चांगल्या अलाइनमेंटने भागतं. दोन इंचांच्या वर गेलात तर बदललेल्या कोनाचे अपर आर्म घ्यावेच लागतात आणि पुढचा डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) थोडा खाली आणणारे स्पेसरही. मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांत असल्यामुळे जागेवरून उचलताना थरथर जाणवली तर त्याच्या मधल्या बेअरिंगपाशी पातळ स्पेसर लागतो. चाक पूर्ण लोंबवून ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, ते हाताने चाचपून पाहा. हेडलाइटचा झोत खाली घ्या, नाहीतर पावसात समोरच्याचे डोळे दिपतील.

टायरचं गणित अनेकांच्या ध्यानात येत नाही. मागे सलग अॅक्सल आहे. त्यामुळे लिफ्टने मागच्या डिफरेन्शियलखालची उंची एक मिलिमीटरही वाढत नाही, ती फक्त टायर वाढवतो. मूळ २४५/७० आर १६ चा व्यास सुमारे ७४९ मिमी, २६५/७० आर १६ चा ७७७. म्हणजे खालची जागा १४ मिमीने वाढते आणि मूळ टायरवर मीटर अचूक असेल तर ८० दिसताना वेग ८३ असतो. यापेक्षा मोठ्याच्या नादी लागू नका, आतला प्लास्टिक लायनर घासतो आणि गाडी वेग हळू घेते. सह्याद्रीतला काळा दगड टायरची बाजू कापतो, म्हणून जाड बाजूचा ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर घ्या. कर्जतच्या भातखाचरांकडच्या चिखलात हवा १८ ते २० पीएसआयवर आणा. डांबरावर येताच पुन्हा भरा, कॉम्प्रेसर गाडीतच हवा.

कायद्याची बाजू डोळ्यांआड करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, सुटे काढलेले मूळ भाग जपून ठेवा.

मुंबईच्या खाऱ्या हवेत नवे यू-बोल्टही एका पावसाळ्यात गंजायला लागतात. बसवल्याबरोबर उघड्या आट्यांवर मेणाचा गंजरोधक मारा, शॅकल पिनला (पाट्यांच्या टोकाच्या सांध्याच्या पिनला) ग्रीस भरायचे निपल असतील तर दर ५,००० किलोमीटरला ग्रीस भरा, आणि चिखलातून आल्यावर पाट्यांच्या फटीतली तांबडी माती त्याच दिवशी पाण्याच्या झोताने काढा. ती वाळली की कानसेसारखी घासते.