लाकडी जहाजाचं किट, अकरा महिने झाल्यावर (नागपूरच्या उन्हाळ्यासकट)

मागच्या होळीनंतर किट आलं, आता अकरा महिने होऊन राहिले, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. डबा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सगळं भारी वाटतं. जहाज म्हणजे बीगल, तेच डार्विनवालं, १:६० स्केल. कंपनी युरोपातली, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत. शिपिंग, कस्टम ड्युटी सगळं धरून जवळपास वीस हजार गेले (घरी चौदा सांगितलेत). याआधी मी लाकडात केलेलं काम म्हणजे लहानपणी पतंगाची मोडकी चक्री जोडली होती, तेवढंच.

सांगाडा लेझरने कापलेला, दोन रविवारात उभा राहिला, तिथे काहीच बोलायचं नाही. खरी परीक्षा पट्ट्यांची. डबल प्लँकिंग आहे, म्हणजे आधी हलक्या लाकडाच्या जाड पट्ट्या आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आक्रोडाच्या पातळ पट्ट्या. मी बसलो एप्रिलात. पुढच्या टोकाला पट्टी वळवायला ती भिजवावी लागते, तर भिजवली, वळवली आणि ओलीच चिकटवून दिली, कारण पुस्तिकेत सुकू द्या असं एक अक्षर नाही, वरून खोलीत दिवसरात्र कूलरची दमट हवा. चार दिवसात एक बाजू पूर्ण झाली, काय देखणी दिसत होती! मग एका लग्नाला अमरावतीला गेलो, तीन दिवस घर बंद, कूलर बंद, बाहेर ४४ डिग्री, आणि परत येऊन बघतो तर पट्ट्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसून राहिला. लाकूड लांबीत फारसं आटत नाही, रुंदीत आटतं, हे ज्ञान मला तेव्हा झालं. सगळ्या फटी पुट्टी आणि लाकडाच्या भुशाने भरल्या. पहिला थर आहे म्हणून खपून गेलं, वरच्या थरात असं झालं असतं तर जहाज थेट फुटाळा तलावात.

दुसऱ्या बाजूला मग पट्टी अर्धा तास भिजवायची, कपड्याच्या चिमट्यांनी सांगाड्यावर नुसती धरून ठेवायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी वाळलेल्या वळणासकट फेविकॉलने चिकटवायची. जास्त वळण हवं तिथे बायकोचा हेअर स्ट्रेटनर, एक नंबर काम करतो (तिला विचारून वापरा, मी विचारलं नव्हतं). डब्यात पितळेच्या बारीक चुका (छोटे खिळे) येतात, त्या पूर्ण ठोकायच्या नसतात, गोंद वाळला की उपटायच्या असतात. मी पूर्ण ठोकल्या, मग घासताना सँडपेपर फाटत गेला. चुकांच्या बाबतीतही चूकच. इन्स्टंट ग्लू वरच्या थराला शक्यतो लावूच नका, जिथे तो लाकडात मुरतो तिथे नंतर पॉलिश चढत नाही, पांढरट डाग कायमचा.

आक्रोडाच्या पट्ट्या मोजून दिल्यात. माझ्या सात तुटल्या, ती माझी चूक, पण तीन डब्यातच तडकलेल्या होत्या. कंपनीला मेल केला, एकोणीस दिवसांनी उत्तर आलं की फोटो पाठवा, फोटो पाठवले तर पुढे काहीच नाही. शेवटी लकडगंजमधे, इथल्या लाकूड बाजारात गेलो. तीन दुकानं फिरल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी व्हिनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा काढून दिला, पैसेही घेतले नाहीत, फक्त विचारलं, "बाहुलीचं घर करून राहिले का साहेब?" मी म्हटलं सागवान द्या ना, मुंबईत वाडियांनी १८१७ मधे सागवानाचं ट्रिंकोमाली जहाज बांधलं, आजही इंग्लंडमधे हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. ते म्हणाले, "मोठ्या जहाजाला ठीक हो, एवढुशाला नाही. रेषा मोठी दिसते." खरंच, छोट्या मॉडेलवर सागाच्या रेषा भलत्याच ठळक दिसतात, मी एक तुकडा लावून पाहिला.

काम करताना जे कळत जातं त्याची मजा मात्र वेगळी. बीगल १८२० मधे पाण्यात उतरलं तेव्हा दोनच डोलकाठ्या होत्या, तिसरी नंतर बसवली, आणि ती मागच्या केबिनमधून जाते. डार्विन १८३१ ते १८३६ याच केबिनमधे काम करायचा, झोपायचाही तिथेच, झोळी टांगून. त्या काठीसाठी भोक पाडताना कळलं की बाप्पा, माणूस पाच वर्षं एका खांबाशेजारी राहिला!

दोऱ्यांचं काम दिवाळीनंतर. स्थिर दोऱ्या काळ्या, कारण खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावायचे, ओढायच्या दोऱ्या फिक्या. डब्यातला दोरा फार केसाळ आहे, मेणावरून ओढूनच घ्या. चढायच्या जाळीच्या शेकडो गाठी, मी चिमट्याने धरून एका गाठीला दोन मिनिटं लावत होतो. आई बाजूला बसून बघत होती, म्हणाली, "काऊन रे, ही तर गजऱ्याची गाठ," आणि बोटावर वेढा घेऊन सटासट बांधत सुटली. जवळपास तीच गाठ आहे खरंच. डावीकडची पूर्ण जाळी तिची, उजवीकडची माझी. फरक लांबून दिसतो.

किटचं लाकूड चांगलं, लेझर कटिंग उत्तम, पुस्तिका फालतू, दोरा बदला. नवीन असाल तर तीन डोलकाठ्यांचं घेऊ नका, एका काठीचं छोटं घ्या. आणि विदर्भात असाल तर पट्ट्या दिवाळी ते होळीच्या मधेच चिकटवा, नाहीतर कूलरवाल्या खोलीत तरी करू नका.

सध्या जहाज फ्रिजवर आहे, त्यावरच्या पाच छोट्या होड्या करायच्या बाकी आहेत, आणि धूळ इतकी बसते की ब्रशने झाडताना दोनदा दोरा तुटला. काचेची पेटी करायला टाकली आहे. काचवाला सोमवारी देतो म्हणाला होता, तीन सोमवार झाले.