एडिसनमध्ये किराणा कोठून भरावा: इंडियन ग्रोसरी की एशियन सुपरमार्केट?

न्यू जर्सीतील एडिसन आणि त्याला लागूनच असलेल्या आयसेलिन भागात नव्याने राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबाला घर लावून होण्याआधीच किराणा कोठून भरायचा हे ठरवावे लागते. ओक ट्री रोडवर भारतीय किराण्याची दुकाने जवळजवळ ओळीने आहेत. रूट 27 वर एच मार्ट हे कोरियन धाटणीचे आणि रूट 1 वर 99 रँच मार्केट हे चिनी धाटणीचे सुपरमार्केट आहे. आपली माणसे या दोन्हींना सरसकट ‘चायनीज दुकान’ म्हणतात. कोरियन शेजाऱ्यासमोर मात्र तसे न म्हटलेले बरे.

यांपैकी एकच दुकान धरून बसू नये, पण प्रत्येक जिन्नस दोन्हीकडे शोधत फिरण्यातही अर्थ नाही. निकष एकच ठेवावा: ज्या मालाचा ज्या दुकानात उठाव जास्त, तो माल तेथूनच घ्यावा. पटेल ब्रदर्स या भारतीय किराण्याच्या साखळीचे पहिले दुकान 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर निघाले, एच मार्टचे 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधील वुडसाइड भागात आणि 99 रँचचे 1984 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर येथे. तिन्ही साखळ्या आपापल्या स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरासाठी सुरू झाल्या आणि आज गिऱ्हाईक कितीही मिश्र झाले असले, तरी कोणता माल रोज नवा येतो आणि कोणता फळीवर पडून राहतो, हे अजूनही बरेचसे त्या मूळ गिऱ्हाइकावरून ठरते.

कोरडा किराणा

येथे फारशी तुलनाच नाही. तूरडाळ, मटकी, वाल, कुळीथ, पोहे, ज्वारी-बाजरीचे पीठ, गूळ, आमसूल, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला हे सर्व भारतीय दुकानातूनच घ्यावे. पूर्व आशियाई दुकानांत अख्खे मूग आणि मूगडाळ चांगली मिळते, पण कडधान्यांची आपली यादी तेवढ्यावर भागत नाही. साबुदाण्याच्या बाबतीत विशेष जपावे. थायलंडहून येणारे टॅपिओकाचे मणी दिसायला हुबेहूब साबुदाण्यासारखे असतात, परंतु ते खिरीसारख्या गोड पदार्थांसाठी, थेट उकळत्या पाण्यात टाकण्यासाठी केलेले असतात. रात्रभर भिजत घातले तर बहुधा सकाळी त्यांचे पीठ झालेले आढळते. उपवासाच्या दिवशी हा शोध लागणे फारसे सुखाचे नसते.

तांदळाचे गणित थोडे वेगळे आहे. कोलम, सोना मसुरी, बासमती आणि मिळाला तर आंबेमोहोर यांसाठी भारतीय दुकान आहेच. मात्र 20 जुलै 2023 रोजी भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतील भारतीय दुकानांत गोण्यांसाठी झुंबड उडाली, आणि ही बंदी सप्टेंबर 2024 अखेरीस उठेपर्यंत अनेक घरांत थाई जस्मिन तांदळाची ओळख झाली. जस्मिनला कोलमपेक्षा पाणी कमी लागते आणि त्याचा भात किंचित चिकट होतो. वरणभाताला तो चालतो, मसालेभाताला शोभत नाही. आजारी माणसासाठी किंवा लहान मुलासाठी गुरगुट्या भात करायचा असेल, तर कोरियन-जपानी पद्धतीचा आखूड दाण्याचा तांदूळ फार छान शिजतो.

भाजी

भाजीच्या बाबतीत नवख्या माणसाचा अंदाज सर्वाधिक चुकतो, कारण आपली भाजी आपल्याच दुकानात चांगली असणार असे तो गृहीत धरतो. काही भाज्यांपुरते ते खरे आहे. भरल्या वांग्यांसाठी लागणारी लहान जांभळी वांगी, तोंडली, गवार, शेवग्याच्या शेंगा, मेथीच्या जुड्या आणि अळूवडीची पाने यांचा उठाव भारतीय दुकानातच होतो. कढीपत्ताही तेथेच शोधावा. या झाडावर लिंबूवर्गीय फळबागांना घातक रोग पसरवणारी कीड वाढते, म्हणून अमेरिकी कृषी खात्याने त्याच्या आयातीवर आणि वाहतुकीवर कडक निर्बंध घातले आहेत. पाच-सहा डहाळ्यांच्या लहानशा पिशवीला एवढा भाव का, याचे एक कारण हेही आहे.

पालेभाज्या आणि वेलवर्गीय फळभाज्या मात्र मी एशियन सुपरमार्केटमधूनच घ्यायला सांगेन. चिनी आणि कोरियन जेवणात हिरवा पाला रोज आणि भरपूर लागत असल्यामुळे तेथील पाला सहसा तजेलदार असतो. ‘यिन चॉय’ किंवा ‘चायनीज स्पिनच’ अशी पाटी लावलेली, पानाच्या मध्यभागी लालसर जांभळी छटा असलेली जुडी म्हणजे आपला माठ होय. लसूण आणि मिरचीची फोडणी देऊन, वरून ओले खोबरे घालून केली की या भाजीची चव थेट घरी नेते. ‘चायनीज ओक्रा’ या नावाचा भेंडीशी काहीही संबंध नसून तो शिरांचा दोडका आहे. ‘ओपो’ म्हणजे दुधी. ‘विंटर मेलन’ म्हणजे कोहळा, आणि तो तेथे फोडी करून विकला जात असल्याने चार माणसांच्या भाजीसाठी पाच-सात किलोचे अख्खे फळ घरी आणावे लागत नाही. हातभर लांब चवळीच्या शेंगा, पांढरा मुळा, अळकुड्या, ताजे आले, ओली हळद, कांद्याची पात हेही तेथे चांगले मिळते.

कारल्याबाबत निवड चवीवर अवलंबून आहे. चिनी कारले लांब, फिकट हिरवे आणि वरून गुळगुळीत उंचवट्यांचे असते. त्यात पाणी जास्त असल्याने चिंच-गुळाच्या रसभाजीला ते चांगले, पण कुरकुरीत काचऱ्या करायच्या असतील तर भारतीय दुकानातील लहान, गडद आणि काटेरी कारलेच घ्यावे. भरीत करायचे असल्यास सडपातळ चिनी वांगी उपयोगाची नाहीत. त्यासाठी कोणत्याही अमेरिकन दुकानातले मोठे वांगे पुरते.

फणसप्रेमींना एक गोष्ट ठाऊक असावी. पिकलेल्या फणसाचे मोठे तुकडे हंगामात एशियन सुपरमार्केटमध्ये वजनावर मिळतात आणि भाजीसाठी कोवळ्या फणसाचे थाई डबेही तेथे असतात. हापूस मात्र भारतीय दुकानांतच पाहावा. भारतीय आंब्याला अमेरिकेची दारे 2007 मध्ये उघडली ती विकिरण प्रक्रियेच्या, म्हणजे कीड मारण्यासाठी फळांवर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर, आणि त्यासाठी लासलगावचे केंद्र वापरात आले; हंगामात ही पेटी भारतीय दुकानांत, बहुधा आगाऊ नोंदणी करून मिळते. तिचा भाव ऐकून मन घट्ट करावे लागते.

मासळी

ज्या घरात आठवड्यातून एकदा तरी मासे होतात, त्या घरासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. ओक ट्री रोडवरील पुष्कळ दुकाने शाकाहारी वळणाची असल्याने तेथे मासळी नसते, किंवा असली तर गोठवलेली असते. याउलट एशियन सुपरमार्केटमध्ये बर्फावर मांडलेले अख्खे मासे, पाण्याच्या टाक्यांतील जिवंत मासे आणि खेकडे, आणि मागे कापून देणारी माणसे असा पूर्ण बाजार असतो. मासा साफ करून देण्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. चिनी दुकानांत कापण्याच्या पद्धतींना क्रमांक देऊन तो फलक भिंतीवर लावलेला आढळतो. भाषेची अडचण आली तर बोटाने क्रमांक दाखवावा. तळण्यासाठी आणि कालवणासाठी काट्यासकट आडव्या तुकड्या हव्या आहेत, हे आधीच स्पष्ट सांगावे. सांगितले नाही तर काटा काढून दोन लांब पट्ट्या हातात पडण्याची शक्यता असते, आणि डोके टाकून दिले जाते, ज्याच्याशिवाय आमच्याकडे कालवणाला कालवण म्हणत नाहीत.

माशांची ओळख पटवण्यात थोडा वेळ घालवावा. ‘गोल्डन पॉम्पानो’ हा मासा पापलेटसारखा चपटा दिसतो, परंतु पर पिवळसर असतात आणि पोटाखाली परांची जोडी असते. खऱ्या पापलेटाला ती जोडी नसते. पॉम्पानो खायला वाईट नाही, भरून तळला तर चांगलाच लागतो, पण पापलेटाची मऊ लुसलुशीत चव त्याला नाही. खरे पापलेट बहुधा गोठवलेल्या विभागात मिळते. बांगड्याच्या जागी कोरियन दुकानात मॅकरेल असतो. तो अधिक चरबीदार असल्याने तिखल्यासाठी उत्तम, मात्र त्याच फळीवर आधीच मीठ लावलेला मॅकरेलही ठेवलेला असतो, तेव्हा पाटी वाचूनच उचलावा.

सुरमईची आवड असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाऱ्याचे प्रमाण जास्त असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्यासाठी टाळावयाच्या माशांत किंग मॅकरेल आणि शार्क यांचा समावेश केला आहे. येथे सुरमई म्हणून जो मासा विकला जातो तो पुष्कळदा किंग मॅकरेलच असतो, आणि शार्क म्हणजे मोरी. अटलांटिक मॅकरेल आणि कोळंबी मात्र त्याच सल्ल्यात निवडण्यास सर्वांत चांगल्या गटात आहेत. कोळंबीच्या पाकिटावरील 21/25 किंवा 31/40 हे आकडे एका पौंडात किती नग बसतात ते सांगतात, म्हणजे आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. कोळंबीभाताला 31/40 पुरे; रश्श्याला डोक्यासकट घ्यावी.

सोडे आणि जवळ्याची सोयही एशियन सुपरमार्केटमध्येच होते, कारण सुकवलेली कोळंबी चिनी स्वयंपाकात मुबलक वापरली जाते आणि ती निरनिराळ्या आकारांत मिळते. तिरफळे मात्र कोठेही सहज मिळत नाहीत. चिनी दुकानातील सिचुआन मिरे हे त्याच कुळातील, किंबहुना त्याच प्रजातीगटातील. जीभ बधिर करण्याचा गुण तिरफळापेक्षा जास्त असल्याने निम्म्या प्रमाणात घालून पाहावेत. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्याच धास्तीने त्यांच्या आयातीवर 1968 पासून 2005 पर्यंत बंदी होती, तेव्हा एखाद्या जुन्या रहिवाशाने हा जिन्नस कधी पाहिला नसल्यास नवल नाही.

शाकाहारी घरांसाठी

मासळीचा वास ज्यांना सोसत नाही, त्यांनी मोकळेपणाने भारतीय दुकानच निवडावे. भाजी थोडी महाग पडेल, इतकेच. जे एशियन सुपरमार्केटमध्ये जातील त्यांनी भाजी, फळे, टोफू, मश्रूम, नारळाचे दूध यांवर निर्धास्तपणे हात ठेवावा, पण डबाबंद आणि पाकीटबंद वस्तूंची पूर्ण घटकयादी वाचावी. अमेरिकी कायद्यानुसार मासे आणि कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर हे अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून पाकिटावर ठळकपणे सांगावे लागतात, त्यामुळे किमचीतील फिश सॉस किंवा कोळंबीची पेस्ट सहज सापडते. परंतु कालव आणि शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी त्या सक्तीच्या यादीत नाहीत, तसेच चिकन पावडर, डुकराची चरबी आणि जिलेटिनही नाहीत. पाकिटावरील अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या ‘कंटेन्स’ या ओळीत काही आढळले नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे, असा निष्कर्ष काढू नये.

भाव, वेळ आणि पिशव्या

भाव दर आठवड्याला बदलतात. साधारणपणे डाळी, पिठे आणि मसाले भारतीय दुकानात मोठ्या पाकिटात स्वस्त पडतात, तर आले, लसूण, पालेभाज्या आणि मासळी एशियन सुपरमार्केटमध्ये. दोन्हीकडे वार्षिक वर्गणी नसते. दूध, दही, अंडी, बटाटे यांसाठी जवळचे कोणतेही अमेरिकन दुकान पुरते. शनिवार-रविवारी दुपारनंतर ओक ट्री रोडवर गाडी लावण्यातच वेळ जातो, म्हणून महिन्याचा कोरडा किराणा कामाच्या दिवशी संध्याकाळी भरावा आणि ताज्या मालाची फेरी दर आठवड्याला वेगळी ठेवावी. 4 मे 2022 पासून न्यू जर्सीत एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे आणि अडीच हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांना कागदी पिशवीही देता येत नाही, तेव्हा कापडी पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. मासळीसाठी एक वेगळी आणि धुता येण्यासारखी असावी.

सणावारांच्या आठवड्यात

गणपती आणि दिवाळीच्या सुमारास भारतीय दुकानांत पूजासाहित्य, भाजणी, चकलीचे सोरे आणि मिठाई यांची रेलचेल असते आणि त्या फेरीला पर्याय नाही. तरीही उकडीच्या मोदकांचे पीठ मी एशियन सुपरमार्केटमधून घ्यावे असे सुचवीन. थाई तांदळाचे पीठ ओल्या तांदळापासून दळलेले, अत्यंत बारीक आणि शुभ्र असते. त्याची उकड मऊ येते आणि पारी पातळ करताना कडेला चिरा कमी पडतात. त्यात चमचा-दोन चमचे चिकट तांदळाचे पीठ मिसळले तर कळ्या अधिक सुबक होतात. दोन्ही पिठांची पाकिटे दिसायला सारखी असतात. एरावान या तीन डोक्यांच्या हत्तीच्या छापाच्या पाकिटावर साध्या तांदळाच्या पिठाची अक्षरे लाल, तर चिकट तांदळाच्या पिठाची हिरवी असतात. पानगीसाठी लागणारी केळीची पानेही गोठवलेल्या विभागात मिळतात. हळदीची पाने मात्र दोन्हीकडे दुर्मीळ असल्यामुळे पातोळ्यांचा बेत असेल, तर ओल्या हळदीचा एक कोंब मार्च-एप्रिलमध्येच कुंडीत लावून ती कुंडी घरातल्या उन्हाच्या खिडकीत ठेवावी.