कोड्यातली दोन घरं आणि शिकागोतले मराठी कोश

रोज शब्दकोडं सोडवणाऱ्यांनी शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’तले मराठी कोश फोनवर उघडूनच ठेवावेत. पैसे लागत नाहीत. तिथे बरेच कोश आहेत, पण आमच्या घरी दोनच सारखे लागतात: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, म्हणजे 1857 ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’.

कोडं अडतं ते लांबलचक शब्दांवर नाही. पाच-सहा अक्षरी म्हण किंवा संताचं नाव चहा संपायच्या आत येतं. घोडं अडतं दोन घरांवर. रचणाऱ्याला कोपऱ्यात उरलेली जागा भरायला इभ, अही, पिक, असी, शर असलेच शब्द लागतात, आणि बाजारात किंवा बसमध्ये ते कुणाच्या तोंडी नसतात. हत्ती, साप, कोकीळ, तलवार, बाण असे साधे अर्थ, पण शब्द थेट संस्कृत काव्यातून आलेले.

मोल्सवर्थची खरी गंमत उलटा शोध घेण्यात आहे. त्यातले अर्थ इंग्रजीत असल्याने, नुसते मुख्य शब्द न शोधता अर्थांच्या मजकुरात ‘एलिफंट’ हा इंग्रजी शब्द शोधायचा. हत्तीशी नातं असलेल्या नोंदींची रांगच लागते. त्यात अंबारी, अंकुश, माहूत अशी नको ती मंडळीही येतात, ती डोळ्यांनी गाळावी लागतात. मग हाती उरतात गज, इभ, करी, द्विप. परवा सासूबाई पेन्सिल घेऊन बसल्या होत्या आणि मी फोनवर एकेक वाचत होते. ‘द्विप’ ऐकताच म्हणाल्या, “अगं, ते बेट ना?” बेट म्हणजे दीर्घ ‘द्वी’. ऱ्हस्व ‘द्वि’ म्हणजे दोनदा पिणारा, आधी सोंडेने आणि मग तोंडाने, म्हणून हत्ती. आईंना हे इतकं आवडलं की त्यांनी ते समासात लिहून ठेवलं.

एका शब्दाचे अनेक अर्थ हा दुसरा मोठा फायदा. ‘कर’ म्हणजे हात, किरण, सारा आणि हत्तीची सोंडसुद्धा. ‘द्विज’ म्हणजे ब्राह्मण, पक्षी आणि दात, कारण तिघांचाही जन्म दोनदा. ‘पय’ पाणीही आणि दूधही. ‘नग’ म्हटलं की आपल्याला दागिना आठवतो, कोड्यात मात्र तो बहुधा पर्वत असतो. हे अर्थ एकाखाली एक दिसले की सूचनेतली मेख कळते.

सांभाळायचं आहे ते शुद्धलेखन. 1962 च्या नियमांनंतर मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, म्हणून आपण रिपू, अरी, असी लिहितो. मोल्सवर्थ त्याच्या शंभर वर्षं आधीचा. तेव्हा शोधताना रिपु, अरि असं ऱ्हस्व घाला, आणि कोड्यात भरताना दीर्घ करा. आडवा ‘रिपू’ आणि त्याच्या ‘पू’वरून खाली उतरणारी ‘पूजा’ अशी जोडी असेल, तर कोशातला ऱ्हस्व तसाच उतरवल्यावर पूजा बिघडते. ‘शत्रू’ या सूचनेला अरी, रिपू, वैरी तिन्ही बसतात, त्यामुळे उभा शब्द सोडवल्याशिवाय पेनाने लिहू नये.

दाते-कर्वे कोश मी बोलीतल्या शब्दांसाठी उघडते. गोव्याकडचा, कुडाळकडचा, वऱ्हाडातला शब्द असेल तर तशी खूण असते, अर्थ मराठीतच आणि जुन्या ग्रंथांतली उदाहरणंही. मुख्य खंड 1932 ते 1938 मधले, पुरवणी 1950 ची. साहजिकच मोबाइल, मेट्रो वगैरे तिथे सापडणार नाही, पण त्यांची सूचना कुणाला अडत नाही.

संकेतस्थळाची पानं इंग्रजीत आहेत, म्हणून ज्येष्ठांना पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसून दाखवावं. देवनागरी कीबोर्ड फोनवर आधी चालू करून द्या. सरावासाठी मोल्सवर्थमध्ये आधी पक्षी, बाण आणि पाणी यांचे इंग्रजी शब्द घाला. पाण्याची यादी सगळ्यात लांब निघेल, त्यातले दोन अक्षरी तेवढे वहीत उतरवून घ्या.