उशाशी काय लावायचं: दार, खिडक्या की गणेशपट्टी?

मावशीच्या सासरचा वाईतला वाडा यंदा उतरवायला घेतला. ठेकेदाराशी व्यवहार असा की लाकूड सगळं त्याचं, पण त्याआधी घरच्या प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक नग काढून घ्यायचा. टेम्पो शनिवारी निघणार होता. गुरुवारी रात्री मावसबहिणीने तीन फोटो पाठवले: माजघराचं दोन कवाडांचं दार, माडीवरच्या खिडक्यांच्या चार झडपा आणि मुख्य दारावरची गणेशपट्टी. खाली एकच ओळ. "दादा, पलंगाच्या मागे लावायला यातलं कोणतं घेऊ?"

मला विचारायचं कारण असं, की हा उद्योग मी सहा वर्षांपूर्वी करून बसलोय आणि तो अर्धा फसलाय. फोटोंवर काही बोलण्याआधी मी तिला टेप घेऊन पलंगावर बसायला सांगितलं.

फोटोत बघताना हेडबोर्ड ही शोभेची वस्तू वाटते. रात्री पुस्तक घेऊन बसलात की कळतं, ती पाठ टेकायची जागा आहे. आपल्याकडच्या पलंगाची उंची गादीसकट साधारण २० इंच. त्यावर बसलेल्या माणसाचे खांदे आणखी २२-२४ इंच वर. खालचे सात-आठ इंच उशा झाकतात. म्हणजे जमिनीपासून २८ ते ४४ इंच हा पट्टा पाठीचा. तिथे जे येईल ते रोज टोचेल किंवा रोज सुखावेल. त्याच्या वर-खाली काहीही खपतं. दुसरं माप रुंदीचं. पलंग पाच फुटी असेल तर ६० इंच, सहा फुटी असेल तर ७२.

आणि एक माझा हट्ट: जुना नग कापायचा नाही, मापात बसणाराच घ्यायचा. भावनेचं सोडा, पण जुनं सुतारकाम एकमेकांत अडकवलेल्या सांध्यांवर उभं असतं. दाराची एक बाजू करवतीने उडवलीत की आतले दिलहे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळ्या, सैल होतात, मग सुतार पाठीमागून प्लायवूड मारतो, आणि शेवटी तुमच्याकडे जुन्या दाराचा मुखवटा लावलेलं प्लाय उरतं.

दार

तिघांत सगळ्यात भुरळ पाडणारं हेच. माजघराचं दार सहसा सहा फूट उंच आणि तीन फूट रुंद भरतं; आडवं घातलं तर सहा फुटी पलंगाला जणू मापाने केलेलं. जमिनीपासून दहा इंच वर उचललं की वरची कड ४६ इंचांवर येते. अगदी बरोबर.

पण वजन बघा. सागवानाचा एक घनफूट साधारण १८ किलोंचा. सहा बाय तीन फूट आणि सरासरी दीड इंच जाडी धरली तर सव्वादोन घनफूट, म्हणजे चाळीस किलोंच्या वर. कड्या, कोयंडे, लोखंडी पट्ट्या धरून पंचेचाळीस. हे भिंतीला टांगायचं म्हणजे भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. हल्लीच्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या असतात, त्यांत साधा प्लग आणि स्क्रू एवढा भार फार दिवस धरत नाही. दार घ्यायचं तर ते जमिनीवर पायांवर उभं करा आणि भिंतीला फक्त पुढे पडू नये म्हणून अडकवा.

आता माझी चूक. दोन कवाडं जिथे मिटतात तिथे मधोमध एक जाड उभी पट्टी असते, बहुतेक वेळा सगळ्यात छान कोरीवकाम तिच्यावरच. दार आडवं झालं की ती पट्टीही आडवी होते. तीन फुटांच्या मधोमध म्हणजे दीड फुटावर, त्यात खालचे दहा इंच मिळवा: २८ इंच. थेट कमरेत! दोन इंच पुढे आलेली, केळफुलाच्या पाकळ्या कोरलेली पट्टी. पहिल्या आठवड्यात मी कौतुकाने बसलो, दुसऱ्या आठवड्यात बायकोने दोन तक्के आणले, आणि आता ते कोरीवकाम गेली सहा वर्षं तक्क्यांच्या मागे आहे. ज्यांना दारच हवं त्यांनी सपाट फळ्यांचं एकच कवाड शोधावं. ते दिसायला साधं असतं, पण रोज वापरता येतं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कधीच आठवत नाही: स्विचबोर्ड. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे प्लग सव्वादोन-अडीच फुटांवर असतात. पाच फुटी पलंगामागे सहा फुटी दार लावलंत की दोन्ही झाकले जातात.

खिडक्यांच्या झडपा

फोटोत या सगळ्यात मरतुकड्या दिसत होत्या. फिकट निळा ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली बहुधा गेरू. एक बिजागरी गायब. तरीही माझं मत यांनाच.

चार झडपा, प्रत्येकी चार फूट उंच आणि सव्वा फूट रुंद. शेजारी-शेजारी उभ्या केल्या की ६० बाय ४८ इंच. पाच फुटी पलंगाला करवत न लावता बसल्या. सहा फुटी असेल तर दोन-दोनच्या जोड्या करून मध्ये फूटभर जागा सोडायची आणि तिथे भिंतच दिसू द्यायची. तेही वाईट दिसत नाही. एकेक झडप एका माणसाला जिन्याने नेता येते. चारही भरीव धरल्या तरी तीस किलोंच्या आसपास, आणि दिलह्यांच्या असल्या की त्याहून बऱ्याच कमी. शिवाय दिलहा चौकटीपेक्षा आत दबलेला असतो, त्यामुळे पाठीला पोकळी मिळते, उंचवटा नाही. एखादी झडप पुढेमागे सडली तर ती एकटीच बदलता येते, हाही फायदा.

पण झडपा कुठल्या, हे महत्त्वाचं. मुंबईच्या जुन्या इमारतींत आणि गोव्याकडे तिरप्या पट्ट्यांच्या खिडक्या असतात. दिसायला देखण्या, पाठीला बरगड्या मोजणाऱ्या. शिवाय प्रत्येक पट्टीवर धूळ, आणि ती धूळ बरोबर नाकाच्या मागे. दम्याचा माणूस घरात असेल तर विषय संपला. गोव्याच्या शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी उशाशी लावायचा विचारही करू नका. ती उजेडासाठी केलेली, उजेडातच ठेवा.

गणेशपट्टी

साडेचार-पाच फूट लांब, आठ-नऊ इंच उंच, तीन इंच जाड. मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. कारागिरीत तिघांत ही पहिली. पण हेडबोर्ड म्हणून ही एकटी पुरत नाही: नऊ इंचांत पाठ टेकत नाही आणि गणपतीला पाठ टेकवायची कुणाची छातीही नाही. सपाट फळ्या लावून त्यांच्या वर, ४८ इंचांच्या पुढे, मुकुटासारखी बसवता येते. तसं केलेलं मी पाहिलंय, सुंदर दिसतं.

तरी घरात एकदा विचारून घ्या. शयनघरात, उशाशी गणपती कित्येकांना चालत नाही. मावशीने फोनवर एका वाक्यात निकाल दिला: "तो दारावरचा आहे, दारावरच राहू दे." विघ्नहर्त्याला उंबरठ्यावरून उठवून आपल्या घोरण्यावर देखरेखीला बसवणं मलाही जरा विचित्रच वाटतं. गणपती नसलेली, नुसत्या कोयऱ्यांची किंवा वेलाची पट्टी मिळाली तर गोष्ट वेगळी.

हे तीन सोडून दोन गोष्टींचा उल्लेख केलाच पाहिजे. चाळीच्या गॅलरीच्या कठड्याचे कातीव दांडे: हलके, हवेशीर, पण दांड्यांच्या फटींतून उशी मागे जाते. आणि तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या फळ्या. वाडा उतरवताना यांच्याकडे कुणी बघत नाही, ठेकेदार त्या थेट वखारीला पाठवतो. पाच-सहा सपाट फळ्या, त्यांवर दिव्याच्या काजळीचा शंभर पावसाळे मुरलेला रंग. रोज तासभर बसून वाचणाऱ्याला याहून चांगला हेडबोर्ड नाही. बहिणीला मी त्याही मागून घ्यायला सांगितल्या, पण एकच नग ठरला होता म्हणून ती संकोचली.

वाडा नसेल तर

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी, मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, नाहीतर जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं. जायच्या आधी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातली कोरीव दारं-खिडक्या तासभर बघून घ्या. खरं काम एकदा डोळ्यांत बसलं की खोटं लगेच खटकतं.

कारण बाजारात प्रत्येक दार पेशवाईतलं असतं. नग उलटा करून पाठ बघा. पाठीला वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराचे, ओबडधोबड, कमीजास्त खोलीचे घाव असतील तर काम हाताचं. कमानीसारख्या वाकलेल्या, समान अंतरावरच्या रेघा म्हणजे गोल करवत, म्हणजे कारखाना. झीज कुठे आहे तेही बघा: खऱ्या दाराची झीज हात लागतो तिथे आणि खाली पाणी लागतं तिथे असते. सगळीकडे सारखी झीज म्हणजे तारेचा ब्रश. नव्या लाकडाला जुनं रूप दिलेलं घेण्यात गैर काही नाही, माप हवं ते मिळतं, सपाटही मिळतं. फक्त दाम जुन्याचा देऊ नका. साधा नग असेल तर लांबी-रुंदी-जाडी मोजून घनफूट काढा आणि वखारीतल्या जुन्या सागाच्या भावाशी ताडून बघा. वरची रक्कम ही कोरीवकामाची आणि गोष्टीची. ती द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी एक सूचना. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनी, इमारतीतून सुटी केलेली वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत येते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वाड्याची गणेशपट्टी बॅगेत घालून न्यू जर्सीला नेण्याचा बेत त्यामुळे रद्द.

रंग आणि कीड

झडपांवरचा तो तीन थरांचा रंग कोरडा घासायचा नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. पॉलिशपेपरची ती धूळ उशीवर आणि मुलांच्या बोटांवर नको. रंग काढायचा तर घराबाहेर, रिमूव्हर लावून, ओला ठेवून खरवडायचा, तोंडाला मास्क लावायचा आणि खरवड गोळा करून टाकायची. रंग ठेवायचा असेल तर सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्याने काढून वर लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात मारा. दार-फळ्यांना रंग नसेल तर जवसाचं तेल पुरे. मात्र तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

किडीची मला फार धास्ती होती. दार आणलं तेव्हा प्रत्येक भोकात सुई घालून बघितली होती. पहिल्या पावसाळ्यानंतर चादरीवर गव्हाच्या पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. दार भिंतीपासून सोडवलं, फिरवलं, तर जुन्या सागाला काहीही नव्हतं. कीड होती ती सुताराने मागे मारलेल्या नव्या पट्टीला: स्वस्त, पांढरट, ताजं लाकूड. सागाचा आतला गाभा किड्यांना सहसा दाद देत नाही, पण नव्या लाकडाच्या पांढुरक्या भागात पिष्ट असतं आणि किड्यांना तेच हवं असतं. तेव्हापासून मागच्या पट्ट्याही जुन्याच सागाच्या, आणि लावण्याआधी बोरॅक्स-बोरिकच्या कोमट पाण्याचे दोन हात.

लावताना भिंत आणि लाकूड यांच्यात इंचभर फट हवीच. बाहेरची भिंत असेल तर पावसाळ्यात ओल धरते. झडपांसाठी सोपी युक्ती म्हणजे पट्टी लांबीला ४५ अंशांत चिरायची, अर्धी भिंतीला, अर्धी झडपांच्या पाठीला, आणि एकीवर एक अडकवायची. दिवाळीच्या साफसफाईला उचलून खाली घेता येतात. हेडबोर्ड पलंगालाच ठोकू नका. खालच्या पेटीतून गाद्या काढताना पलंग हलतो आणि जुने सांधे त्या हिसक्यांनी सुटतात.

शुक्रवारी सकाळी मावसबहिणीचा मेसेज आला. झडपा घेतल्या. दार मावशीच्या धाकट्या दिरांनी मागितलं होतं, त्यांचा बंगला आहे आणि पाठदुखी अजून नाही. गणेशपट्टी मावशीने स्वतःसाठी ठेवली, पण फ्लॅटच्या दाराची चौकट सव्वातीन फुटांची आणि पट्टी पावणेपाच, त्यामुळे तिचं एक टोक शेजाऱ्यांच्या डोअरबेलच्या वर जातंय. शेजारी म्हणाले, असू द्या, आमच्याकडेही लक्ष राहील. टेम्पोत झडपांच्या खाली, त्या खरचटू नयेत म्हणून, ठेकेदाराच्या माणसाने तक्तपोशीच्या सहा फळ्या अंथरल्या होत्या. त्या परत मागायला अजून कुणी आलेलं नाही.